झाकली बाटली सव्वा लाखाची

पुण्यात ट्रेकिंगचे, सुगम संगीताचे आणि म्युच्युअल फंडांचे गट होतेच, आता वाइनचेही झालेत. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी फ्लॅटवर जमायचं, प्रत्येकाने एकेक रेड आणायची, बाटल्यांना खाकी पिशव्या घालायच्या आणि आत काय आहे ते जिभेने ओळखायचं. याला ब्लाइंड टेस्टिंग म्हणतात. गटात एक हाडांचे डॉक्टर असतात, दोन-तीन आयटीवाले असतात, नाशिकला द्राक्षमळ्यात राहून आलेलं एक जोडपं असतं आणि एक 'सर' असतात. सर कशाचे सर आहेत, हे विचारायचं नसतं. ते ग्लास देठाला धरतात, एवढं पुरतं.

पिशव्या घालायचं काम मी मागून घेतो. सगळ्यांची लेबलं मला ठाऊक आणि माझ्याखेरीज कुणालाच नाहीत, इतकी सत्ता मध्यमवर्गीय माणसाला एरवी कुठे मिळते?

पण नुसत्या पिशवीने भागत नाही. जाणकार मंडळी पिशवीवरून हात फिरवतात. खांदे ताठ असले की बोर्डोच्या घाटाची, उतरते असले की बरगंडीच्या. बूड आत खोल गेलं असेल आणि बाटली हाताला जड लागली, तर महाग. गळ्याशी फिरकीचं झाकण चाचपलं की "नाशिक!" म्हणून मोकळे. वाइनचा थेंब ओठाला लागायच्या आत निम्मी परीक्षा स्पर्शाने पास. म्हणून या वेळी मी सगळ्या बाटल्या स्वयंपाकघरात नेल्या, एकसारख्या काचेच्या सहा जगांमध्ये ओतल्या आणि जगांवर एक ते सहा आकडे चिकटवले. बाहेर नाराजी पसरली. डॉक्टर म्हणाले, "एवढं कशाला? आपण घरचेच आहोत."

घरचेच असले तरी नियम कडक असतात. अत्तर लावून यायचं नाही, वासात वास मिसळतो. लसणाची चटणी लावलेलं भडंग आणणाऱ्या वहिनींना डबा पिशवीतच ठेवायला लागला. त्याऐवजी पांढरी, बेचव बिस्किटं. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा तर श्लोकच. हा श्लोक युरोपातल्या गारठलेल्या खोल्यांत रचला गेला. तिथली खोली म्हणजे सोळा-अठरा अंश. आपल्या एप्रिलमधल्या खोलीत रेड ठेवली तर नाकाला आधी अल्कोहोल झोंबतं आणि मग उरलंसुरलं फळ. वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा म्हटलं, तर सरांनी असं पाहिलं, जसा काही मी आमरसात बर्फ घालायला निघालो होतो.

आणि मधोमध ठेवलेली पिकदाणी. खरे परीक्षक घोट तोंडात घोळवून थुंकतात. दिवसाला पन्नास-साठ वाइन चाखायच्या तर दुसरा इलाज नाही. आमच्याकडे ती शेवटपर्यंत कोरडी राहते. ज्या शहरात चालत्या स्कूटरवरून, सिग्नलला, सरकारी जिन्याच्या कोपऱ्यात कुणीही मोकळेपणाने थुंकतो, तिथे या एका खोलीत मात्र सगळे गिळतात. मुंबई दारूबंदी कायदा 1949 सालचा. त्याखाली पिण्याचा जो परवाना मिळतो, तो 'आरोग्य जपण्यासाठी' असतो. आमच्या गटाइतकं आरोग्य जपणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

मग चाखणी सुरू होते, म्हणजे सगळे सरांच्या भुवयांकडे बघायला लागतात. डावी भुवई वर गेली की जग क्रमांक तीन महागातला. दोन्ही स्थिर राहिल्या की सामान्य. पेन्सिली त्यानुसार चालतात. आंधळेपणा असलाच, तर तो बाटलीपुरता.

नंतर वर्णनं. "ब्लॅक करंट," एक आयटीवाला म्हणतो. ते फळ त्याने झाडावर, बाजारात किंवा ताटात कधीही पाहिलेलं नाही. आइस्क्रीमच्या कपात भेटलेलं आहे. "ओली माती, जुनं चामडं, सिगारची पेटी," नाशिकचं जोडपं आळीपाळीने म्हणतं. "देवदार," डॉक्टर म्हणतात. जुनं चामडं हे कौतुक आहे, हे लक्षात ठेवायचं. मी एकदा "चप्पल" म्हटलं तर वातावरण बिघडलं.

यांना हसणं सोपं आहे, पण यांच्याहून शिकलेल्यांचंही काही वेगळं होत नाही. फ्रान्समध्ये बोर्डोच्या विद्यापीठात फ्रेडरिक ब्रोशे या संशोधकाने वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना आधी एक पांढरी आणि एक लाल वाइन वर्णन करायला दिली. पांढरीला त्यांनी मध, लिंबूवर्गीय फळं वगैरे म्हटलं, लालला लाल-काळी फळं. पुढच्या वेळी पुन्हा दोन ग्लास, एक पांढरा, एक लाल. फक्त या वेळी लाल ग्लासातही तीच पांढरी वाइन होती, बिनवासाचा लाल रंग घातलेली. विद्यार्थ्यांनी तिला इमानेइतबारे लाल वाइनचे शब्द वाहिले. हे 2001 साली छापून आलं. तेव्हापासून वाइनवर हसू इच्छिणारा प्रत्येक जण हा प्रयोग सांगतो आणि त्यातून "वाइनचं सगळं थोतांड आहे" असं काढतो. तसं त्यातून निघत नाही. नाक डोळ्यांचं ऐकतं, एवढं निघतं. आमच्या गटात नाक भुवयांचं ऐकतं, हा पुढचा टप्पा.

आता पॅरिस. ब्लाइंड टेस्टिंगच्या गटात पॅरिसचं नाव दुसऱ्या ग्लासापर्यंत निघालं नाही, तर गट खोटा समजावा.

24 मे 1976. स्टीव्हन स्परियर नावाचा इंग्रज पॅरिसमध्ये वाइनचं दुकान चालवायचा. म्हणजे नागपुरात जाऊन संत्री विकायची, तीही नागपूरकरांना. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होत होती, तेवढं निमित्त साधून त्याने कॅलिफोर्नियाच्या वाइन मागवल्या आणि फ्रान्सच्या बड्या घराण्यांच्या बाटल्यांशेजारी मांडल्या. लेबलं झाकलेली. गुण वीसपैकी. निकालात धरले ते नऊ फ्रेंच परीक्षकांचे गुण, आणि परीक्षक साधेसुधे नव्हते. एक तर रोमाने-कोंती या अतिप्रतिष्ठित मळ्याचा सहमालक, आणखी एक फ्रान्सच्या सर्वांत वजनदार वाइन मासिकाची संपादक ओदेत काह्न. पत्रकारांना आमंत्रणं गेली, आला फक्त एक, 'टाइम'चा जॉर्ज टेबर. बाकीच्यांना निकाल आधीच ठाऊक होता ना!

पांढऱ्यांत पहिली कॅलिफोर्नियाची शातो मोंतेलेना. लालमध्ये पहिली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, 1973 ची. दुसरी फ्रान्सची मूतों रोथशिल्ड, 1970. गुण 14.14 आणि 14.09. पाच शतांशांचा फरक. आपल्याकडे एवढ्या फरकावर मेडिकलचा प्रवेश हुकतो, तिथे फ्रान्सचा हुकला.

खरी मजा निकालानंतर. ओदेतबाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियरने दिली नाही. मग स्पष्टीकरणं आली: आमच्या वाइन अजून कोवळ्या आहेत, बोर्डो मुरायला वेळ लागतो, कॅलिफोर्नियाच्या फक्त पहिल्या घोटाला छान, तीस वर्षांनी बघा. बरं, बघू. 24 मे 2006 ला त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या, लंडनमध्ये आणि कॅलिफोर्नियातल्या नापामध्ये, एकाच दिवशी. पहिली कॅलिफोर्नियाची रिज माँटे बेलो, 1971. दुसरी ते पाचवीही कॅलिफोर्नियाच्याच. त्यानंतर काय स्पष्टीकरण द्यायचं, हे ठरायला आणखी तीस वर्षं लागावीत. अपिलासाठी मुदत मागावी आणि ती मिळाल्यावरच केस आणखी बिघडावी, हा अनुभव आपल्या कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही नवा नाही.

ही गोष्ट आमच्या गटात सगळ्यांना पाठ आहे, आणि तिथेच गोम आहे. सगळे येतात ते पॅरिस घडवायला. सहापैकी एक बाटली डॉक्टरांच्या भाच्याने ड्यूटी फ्रीमधून आणलेली खरीखुरी बोर्डो होती. आयात वाइनवर आपण वर्षानुवर्षं दीडशे टक्के शुल्क लावलं, त्यामुळे परदेशातून येणारा भाचा ही वाइन-रसिकाची सर्वांत मोठी गुंतवणूक. उरलेल्या नाशिक, अकलूज आणि कर्नाटकच्या. ती फ्रेंच बाटली आपल्या नाशिकच्या शिराझपुढे तोंडावर आपटावी, मग ते महिनाभर ऑफिसात सांगावं, असं डॉक्टर सोडून प्रत्येकाच्या मनात होतं.

माझ्या मनात दुसरंच होतं. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाचे निवृत्त प्राध्यापक आहेत, स्वतः वाइन करणारे. आपल्या वाइनला एका स्पर्धेत सुवर्ण आणि दुसरीत शून्य का मिळतं, याने ते हैराण. त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या परीक्षकांना त्यांच्या नकळत एकाच बाटलीतली वाइन तीन वेगवेगळ्या ग्लासांतून दिली, तीही वर्षानुवर्षं. तिन्हींना जवळजवळ सारखे गुण देणारे परीक्षक निघाले दहात एक. आणि एका वर्षी जमलं त्याला पुढच्या वर्षी जमेलच असं नाही. म्हणून मीही जग दोन आणि जग पाचमध्ये एकच शिराझ ओतली. एक बाटली गाळली, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

दोनला नाशिकच्या जोडप्याने वीसपैकी सतरा दिले. "जांभळाचा गर, मऊ, दोस्तीत येणारी." पाचला त्यांनीच बारा. "रागीट आहे. शेवट कडवट." याला शास्त्रही आहे. द्राक्षाच्या सालीतलं, बियांतलं आणि ओकच्या पिंपातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. चार तुरट वाइन झाल्या की पाचवीवर आधीच्या चौघींचं पाप चढतं. तेव्हा त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. "दोस्तीत येणारी" हे मात्र कुठून आलं, ते विचारायचं राहिलं.

"म्हणूनच याला परीक्षा लागते," सर म्हणाले. परीक्षा आहे की! मास्टर सोमेलिए, म्हणजे वाइन निवडून देणाऱ्यांतला उस्ताद, होण्यासाठी 25 मिनिटांत सहा अनोळखी वाइन चाखून द्राक्ष, प्रदेश आणि साल सांगावं लागतं. वर्षानुवर्षं तयारी करूनही बहुतेक जण नापास होतात, आणि जे पास होतात त्यांची जीभ खरोखर शिकलेली असते. हेही मान्य करायलाच हवं. सप्टेंबर 2018 मध्ये अमेरिकेत एकदम 24 जण पास झाले. आनंदीआनंद. पुढच्याच महिन्यात कळलं की, वाइन कोणत्या आहेत ते एका मास्टरनेच आधी फोडलं होतं. 23 जणांचा किताब काढून घेतला. चोविसावा चाखण्याचा पेपर आधीच सोडवून बसला होता, तो वाचला. दारूच्या परीक्षेचाही पेपर फुटतो, हे ऐकून आमचे आयटीवाले एकदम घरच्यासारखे सैलावले. एकाने विचारलं, "फेरपरीक्षा झाली का?" दिली होती संधी. "मग क्लासवाल्यांनी फी परत केली का?" हे विचारणारा एमपीएससीची तीन वर्षं काढून आयटीत आलेला.

निकाल. मी आकडे मिळवले, पुन्हा मिळवले. पहिली आली भाच्याची बोर्डो, चांगल्या दोन गुणांनी पुढे.

खोलीत सुतकी शांतता. ज्याच्यासाठी जमलो ते घडलंच नाही. महाग बाटली चांगली निघाली, आता हे ऑफिसात सांगून कोण ऐकणार? मग स्पष्टीकरणं आली, पॅरिसचीच, फक्त उलट्या बाजूने. शिराझला हवा लागायला हवी होती. बोर्डो दिखाऊ आहे, पहिल्या घोटाला छान. आपल्या वाइन जेवणाबरोबर खुलतात, बिस्किटांबरोबर कशा खुलणार? (भडंगवाल्या वहिनींनी इथे मान डोलावली.) जग दोन आणि पाच एकच होते, हेही मी सांगून टाकलं. नाशिकचं जोडपं एकमेकांकडे बघून म्हणालं, "एका बाटलीपेक्षा दुसरी वेगळी असू शकते." बाटली एकच होती, म्हटलं. "मग जग नीट विसळला नसेल."

डॉक्टर तेवढे आनंदात असायला हवे होते. ते गप्प होते. मी त्यांची गुणपत्रिका पाहिली: स्वतःच्या बोर्डोला त्यांनी शेवटचा क्रमांक दिला होता आणि शेजारी लिहिलं होतं, "नक्की नाशिक." ती परत मिळेल का, असं त्यांनी हळूच विचारलं. स्परियरचं स्मरण करून मी ती घडी घालून खिशात ठेवली.

रात्री साडेअकराला डॉक्टरांच्या स्टेटसवर त्या बाटलीचा फोटो आला, लेबल कॅमेऱ्याकडे वळवलेलं. खाली लिहिलं होतं: "पहिल्याच घोटाला ओळखली!" सरांचा अंगठा सगळ्यांत आधी पडला होता.