गरिबीचा दाखला

सिग्नलवर गजरे विकणाऱ्या बाईचं पोर ‘बचाव मोहिमे’त उचललं, की सरकारी यंत्रणेला भलतीच चपळाई येते. २४ तासांत पोराला बाल कल्याण समितीपुढे उभं करायचं, असं २०१५चा बाल न्याय कायदा सांगतो. पोर कुठं नेलंय हे आईला कळवताना मात्र कुणी घड्याळ बघत नाही.

ती विचारत विचारत समितीच्या खोलीत पोचते. “आईच कशावरून?” आधार कार्डावर गावाकडचा पत्ता, जन्मदाखला नाही. पोर तिला बघून भोकाड पसरतं, पण रडण्यावर शिक्का नसतो. “राहता कुठे?” “पुलाखाली.” झालं, कागदावर उतरलं: पालक सांभाळ करण्यास असमर्थ. मुलाला संस्थेत ठेवणं हा अखेरचा उपाय, असंही त्याच कायद्यात आहे. असेल बापडं!

वकील? फुकट मिळतो की! १९८७च्या विधी सेवा कायद्यानं बायकांना उत्पन्नाची अटच ठेवलेली नाही. तरी खिडकीतले साहेब म्हणतात, “तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणा.” म्हणजे पलीकडच्या खोलीत जिची गरिबी एका शब्दात सिद्ध झाली, तिनं इथं ती गोल शिक्क्यानिशी सिद्ध करायची. दाखल्याला रहिवासी पुरावा लागतो आणि पुलाखाली लाइट बिल येत नाही. समितीच्या आदेशावर अपिलाला मुदत ३० दिवसांची. सेतूवाला म्हणालाय, “ताई, सर्व्हर डाऊन आहे, पुढच्या आठवड्यात चक्कर मारा.”