आर. एम. एस. काका

आमच्या सोसायटीत कुणाकडे नवा टीव्ही आला की भिंतीला भोक पाडायच्या आधी आर. एम. एस. काकांना बोलावण्याची पद्धत आहे. ही त्यांच्या नावाची, वडिलांच्या नावाची आणि आडनावाची आद्याक्षरं. स्पीकरच्या खोक्यावर वॉटचा जो खरा आकडा छापतात त्यालाही आरएमएसच म्हणतात. आम्ही याला योगायोग समजतो, काका विधिलिखित समजतात.

काका एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. जन्मभर लोकांचे अर्ज तपासल्यामुळे कुणी आकडा सांगितला की ते आधी चष्मा पुसतात आणि मग "कागद दाखवा" म्हणतात. रिक्षाचं मीटर असो नाहीतर मुलीसाठी सांगून आलेलं स्थळ, प्रक्रिया तीच. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली: होम थिएटर. बँकेतून आणलेल्या एका कोऱ्या लेजरच्या पहिल्या पानावर त्यांच्या सुबक अक्षरात अजून नोंद आहे: ‘मंजूर रक्कम रु. ६०,०००. उद्देश: घरगुती चित्रपट-श्रवण. वितरण: टप्प्याटप्प्याने. वाढीव रक्कम कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही.’ अर्जदार म्हणून सही त्यांची, मंजूर करणारा अधिकारी म्हणूनही त्यांचीच.

मग सुरू झाल्या तपकीर गल्लीच्या फेऱ्या. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत काकांना सगळे ओळखतात. म्हणजे ते येताना दिसले की काही दुकानदार जेवायला जातात. एकदा मीही सोबत होतो. काउंटरवर नवा पोरगा होता. त्यानं उत्साहानं एक संच पुढे केला. खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘१२,००० वॉट’.

"पाठ दाखव," काका म्हणाले.

पोराला वाटलं, आपलीच. काकांनी खोकं उघडायला लावलं, डबा उलटा केला आणि मागच्या लेबलवर बोट ठेवलं. वीजवापर: ६० वॉट.

"महावितरणकडून साठ घेतो आणि आपल्याला बारा हजार देतो? मग याला इथे कशाला ठेवलाय? कोयनेला नेऊन बसव."

"काका, ते पीएमपीओ आहे."

याच शब्दाची काका वाट पाहत होते. त्यांनी स्टूल ओढून घेतलं. पीएमपीओ म्हणजे यंत्रानं एखाद्या निमिषात, तेही कागदावरच, मारलेली उडी. ती कशी मोजायची याला सर्वमान्य नियम नाही, म्हणून ज्याला जो शोभेल तो आकडा. आरएमएसवरून मात्र यंत्र न थकता सलग किती काम करील ते कळतं. "हे बघ बाळा," काका म्हणाले, "कर्ज मागायला आलेला माणूस उत्पन्न सांगतो ते पीएमपीओ. आयकर खात्याला सांगतो ते स्टँडबाय. महिनाअखेरीला त्याच्या खिशात खरंच जे उरतं, ते आरएमएस. मी हप्ता कशावर ठरवायचा?" पोरानं डबा निमूटपणे खोक्यात घातला. तो हल्ली दुसऱ्या दुकानात असतो असं ऐकतो.

रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा डबा, ही वस्तू काकांना याहून धोक्याची वाटते, कारण तो खोटं बोलत नाही, तळटीप लिहितो. माहितीपत्रकावर मोठ्या टायपात ‘दर चॅनेलला १५० वॉट’. काका खिशातून भिंग काढतात. खाली मुंगीच्या अक्षरात असतं: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एकच चॅनेल चालू असताना. म्हणजे पाच भावंडांपैकी चौघांना झोपवून एकट्याला पळवलं, तेही एकाच सुरात आणि आवाज फाटेपर्यंत. काका पुढची ओळ शोधतात: ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, दोन चॅनेल चालू, विकृती टक्क्याच्याही आत. तिथे दीडशेचे सत्तर झालेले असतात. काकांना सत्तरचं दुःख नाही. ते म्हणतात, "सत्तर सांगितले असते तर मी लगेच मंजूर केलं असतं. लपवलं का?"

सत्तरसुद्धा जास्तच झाले हे ते नंतर पटवून देतात, आणि इथेच त्यांच्या साठ हजारांचं रहस्य आहे. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. उलट स्पीकर निवडताना एक वॉट दिल्यावर एक मीटरवर तो किती डेसिबल देतो हे पाहिलं, आणि ८५ ऐवजी ८८ चा घेतला, की निम्म्या वॉटांत तेवढंच काम होतं. बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये एरवी टीव्ही बघताना रिसीव्हर चॅनेलमागे एक-दोन वॉटच्या पुढे क्वचितच जातो. "म्हणून पैसे स्पीकरवर घालायचे. लोक घोड्यावर खर्च करतात आणि टांग्याला चाकं सायकलची लावतात."

या तत्त्वावर वाटप झालं. रिसीव्हर आदल्या वर्षीचं मॉडेल, शोरूममधला डिस्प्ले पीस, वॉरंटी कार्डावर आजच्या तारखेचा शिक्का मारून घेऊन: २४,०००. पुढचे दोन स्पीकर १२,०००. मधला, ज्यातून पडद्यावरचं बहुतेक बोलणं येतं, ७,०००. मागचे दोन ६,०००, कारण त्यांना पाऊस, टाळ्या आणि मागून येणाऱ्या गाड्या यापलीकडे फार काम नसतं. खर्जासाठी सबवूफर ११,०००. बेरीज बरोबर साठ. काकांनी खाली दोन रेघा मारल्या आणि हेडक्लार्कच्या तृप्तीनं पेनाचं टोपण लावलं.

वायर राहिली.

दुकानदारानं सोनेरी टोकांची, बोटाएवढी जाड केबल दाखवली, मीटरच्या भावानं. काकांनी तिला हातसुद्धा लावला नाही. त्याच गल्लीत इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दोन पदरी वायर घेतली. एवढ्याशा हॉलमध्ये त्या दोहोंतला फरक कानाला कळत नाही. पण तिचेही १,१५० रुपये झाले आणि मंजूर रकमेत एक पैसा शिल्लक नव्हता. वाढीव रक्कम मागायची तर नियम स्वतःच केलेला. शेवटी काकूंनी भिशीच्या पैशातून ते दिले. काकांनी लेजरमध्ये ‘सौ. कडून हातउसने’ अशी नोंद केली, आणि नकळत घरात दुसरी बँक उघडली गेली.

पहिल्या टप्प्यात रिसीव्हर आणि पुढचे दोन स्पीकर आले. तोंडात टॉर्च धरून शोकेसच्या मागे घुसून काकांनी जोडणी केली. बातम्या लागल्या. आम्ही चार-पाच जण सोफ्यावर होतो, काकू मधोमध लसूण सोलत.

"अहो, ही बाई बसलीय कुठे?" काकूंनी विचारलं.

"कुठली बाई?"

"बातम्या देणारी. दिसतेय समोर, पण बोलतेय खोलीभरून. डोक्यात घुमल्यासारखं होतंय."

काकांनी हे हसण्यावारी नेलं. रिसीव्हरबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. यामाहा असो की डेनॉन, तो कानाच्या उंचीवर ठेवला की यंत्र स्वतःच आवाज काढून खोली मोजतं. काकांनी पंखा बंद करवला, कुकरखालचा गॅस बंद करवला, आम्हाला श्वास जपून घ्यायला सांगितलं. यंत्रानं एकेका स्पीकरमधून टुर्र टुर्र केलं, थोडा विचार केला आणि पडद्यावर शेरा उमटला: डावा स्पीकर उलटा जोडलेला. लालच्या जागी काळी. एक पडदा पुढे येत होता तेव्हा दुसरा मागे जात होता; दोघांनी मिळून बाईंना खोलीभर पसरून टाकलं होतं. वायर बदलताच बाई टीव्हीच्या मधोमध येऊन बसल्या. काकूंनी लसणाच्या सालींचं ताट उचललं आणि आत जाता जाता फक्त "वायर माझ्या पैशांची आहे" एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून लेजरमध्ये ‘जामीनदार’ असा नवा रकाना आला आणि काकूंच्या सहीशिवाय कुठलीच पेटी घरात शिरेनाशी झाली. मधला स्पीकर त्यांनी मालिकेतल्या सासूचं पुटपुटणं ऐकून पास केला. मागच्या दोघांपैकी एक तुळशीच्या बाजूनं आला म्हणून अर्धा फूट सरकवायला लावला, आणि सरकवल्यावर तो खरंच सुधारला.

सबवूफर आला त्या दिवशी सोसायटीचे चेअरमन मेंटेनन्सचा चेक न्यायला काकांकडे गेले. दार उघडंच होतं. सोफ्यावर काकांच्या जागेवर काळा ठोकळा बसून धडधडत होता आणि काका रांगत भिंतीकडेनं चालले होते, कान फरशीपासून वीतभर वर. चेअरमन चपला न काढताच उभे राहिले.

"वहिनी, डॉक्टरांना..."

"ठीक आहेत ते. जागा शोधतायत," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

शास्त्र असं, की ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब; ती हॉलमध्ये मावतच नाही. भिंतींवर आपटून ती कुठे दाटते, कुठे स्वतःलाच पुसून टाकते. म्हणून सबवूफर आपल्या जागेवर ठेवायचा, आपण त्याच्या संभाव्य जागांवरून रांगायचं आणि जिथे ठोका स्वच्छ ऐकू येईल तिथे त्याला न्यायचं. जगभरचे शौकीन हेच करतात, फक्त दार लावून. काकांना सगळ्यात स्वच्छ ठोका सापडला तो नेमका देव्हाऱ्याखाली.

"अजिबात नाही," जामीनदार म्हणाल्या. "वर्षातून दहा दिवस बाहेर सोसतोय गणपती, घरात तरी निवांत राहू दे." सबवूफर चपलांच्या रॅकशेजारी गेला. तिथे तो दुसऱ्या क्रमांकाचा वाजतो.

त्या दहा दिवसांबद्दल काकांचं दुःख वेगळंच आहे. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींना आपल्याकडे सर्रास डॉल्बी म्हणतात. रे डॉल्बी हा माणूस कंपनी काढण्याआधी १९६३ ते १९६५ युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता, आणि १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढून त्यानं पहिलं नाव कमावलं ते टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. "आवाज कमी करणाऱ्या माणसाच्या नावानं आपण खिडक्यांची तावदानं हलवतो," काका म्हणतात. "त्याच्या वारसांनी बदनामीचा दावा लावला तर मी साक्षीला जाईन."

काकांच्या लेखी माणसंही दोनच प्रकारची. त्यांचे न्यू जर्सीचे साडू नमुनेदार पीएमपीओ. तळघरात सात स्पीकर, पण पाहुणे आले की पाच मिनिटं स्फोट ऐकवून सगळं बंद. त्यांनी जुना रिसीव्हर फुकट देऊ केला होता. काकांनी पाठीचं लेबल फोटो काढून मागवलं: १२० व्होल्ट. इथे चालवायचा तर वेगळा वजनदार ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तो स्वतःच घूं घूं करणार. लेजरमध्ये नोंद झाली: ‘तारण सदोष. प्रस्ताव नामंजूर.’

मागच्या हिवाळ्यात साडू पुण्यात आले, सोफ्यावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "चला, डायनासोर लावा." काकांनी एका जुन्या मराठी सिनेमातला प्रसंग लावला, ज्यात दोघं जण माजघरात अगदी हळू आवाजात भांडतात. शब्दन् शब्द कळला. साडूंनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"डायनासोर कुठल्याही डब्यात ओरडतो, साडूभाऊ," काका म्हणाले. "माणूस कुजबुजला की डबा उघडा पडतो."

एवढं झाल्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण हल्ली आवाज वरूनही येतो. छताला आणखी दोन स्पीकर लागतात, आणि पाच चॅनेलच्या रिसीव्हरला ते झेपत नाहीत, म्हणजे रिसीव्हरही नवा. काकांनी ४५,००० चा रीतसर प्रस्ताव करून जामीनदारांपुढे ठेवला. काकूंनी त्यांचाच चष्मा लावून तो दोन दिवस वाचला आणि समासात शेरा लिहिला: ‘१. अर्जदाराचे वय व कानांचे वय विचारात घेतलेले दिसत नाही. २. मागील प्रकरणातील वायरची बाकी रु. १,१५० अद्याप थकीत. ३. छत हे वरच्या मजल्याची जमीन असून त्यांची संमती जोडलेली नाही. सबब प्रस्ताव त्रुटी काढून परत.’

काका चिडले नाहीत. "असा शेरा आमच्या शाखेत एकाला लिहिता आला नाही," म्हणत त्यांनी तो आम्हा सगळ्यांना दाखवला. दुसऱ्या दिवशी १,१५० रुपये रोख भरून काकूंकडून पावती घेतली. पहिल्या त्रुटीसाठी कानांच्या डॉक्टरांची वेळ ठरली आहे, आणि तिसरीसाठी काका सध्या रोज संध्याकाळी वरच्यांकडे चहाला जातात.