कारवान की धनगरी? इच्छुकांसाठी सूचना

कुत्रा पाळायचा हे घरातलं सर्वांत लहान माणूस ठरवतं आणि कुठला पाळायचा हे सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप ठरवतो. त्या ग्रूपवर ‘आपला देशीच घ्या’ हा सूर हल्ली जोरात आहे. तेव्हा लातूर-सोलापूरकडचा शिकारी कारवान घ्यावा की मेंढरांमागे चालणारा धनगरी, या पेचात अडकलेल्यांसाठी पुढील मार्गदर्शन.

इच्छुकाने आधी आपली मालमत्ता तपासावी. मेंढरं किती? माळरान किती एकर? दोन्ही रकान्यांत ‘निरंक’ येत असल्यास खचू नये. बहुतेकांचं तसंच येतं.

कारवानाला कर्नाटकात मुधोळ म्हणतात. लांब पाय, खोल छाती आणि पाठीला लागलेलं पोट. भरपेट जेवूनही तो असाच दिसतो, त्यामुळे ‘याला खायला घालत नाही का हो?’ या प्रश्नाचं उत्तर मालकाने दारावरच लिहून लावावं. हा नाकापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवतो. लांब कुठे काही हललं की निघाला. निघाल्यावर त्याला हाका मारणं हा फक्त मालकाच्या घशाचा व्यायाम. पूर्वी पुढे ससा असायचा. आता वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, आणि खटला कुत्र्यावर चालत नाही. मग उरतं काय? मांजर, शेजारची कोंबडी, स्कूटर आणि सकाळी जॉगिंगला निघालेले नाना. मुधोळांना लष्कराने मेरठला नेऊन प्रशिक्षण दिलं हे खरं, पण लष्कराकडे मैदानं असतात, आणि नाना नसतात.

धनगरी कुत्र्याची गोष्ट निराळी. त्याचं पिल्लू कोकरांतच लहानाचं मोठं होतं, त्यामुळे मेंढरं ही त्याला आपलीच माणसं वाटतात. दिवसा तो बहुधा झोपलेला दिसेल. त्यावरून आळशी ठरवू नये, नोकरी रात्रपाळीची आहे. शेतात मेंढरांचा वाडा बसला, कोकरं जाळीत गेली, धनगर घोंगडी पांघरून आडवा झाला, की हा उठतो. लांडग्याशी रोज कुस्ती खेळणं हे त्याचं काम नव्हे. लांडगा आणि मेंढरं यांच्या मधे राहायचं, भुंकून वाडा जागा करायचा आणि लांडगा वळला की माघारी यायचं, एवढंच. फार लांब पाठलाग करायचा नाही, कारण एक लांडगा कुत्र्याला पळवत नेतो तेव्हा दुसरा मागच्या बाजूने कोकरू उचलतो. हे ‘माघारी यायचं’ कारवानाला सात जन्मांत जमणार नाही. हिमाचलात गद्दी मेंढपाळ आपल्या राखणदाराच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण तिथे गाठ बिबट्याशी असते आणि बिबट्या मान धरतो. आपल्याकडच्या दुकानातला घुंगरांचा पट्टा या कामाला चालत नाही.

असा राखणदार तिसऱ्या मजल्यावर आणला तर त्याला मेंढरं लागतातच. तो तुम्हालाच मेंढरं मानतो. दूधवाला, कुरिअरवाला, रात्री दोनला पार्किंगमध्ये येणारी मोटरसायकल हे सगळे लांडगे. पुढच्या सोसायटी मीटिंगला विषय एकच.

अदलाबदल करण्याचा मोह टाळावा. मेंढरांवर कारवान बसवला तर मेंढरू बिचकून पळतं, आणि पळणाऱ्याचं काय करायचं हे कारवानाला आईच्या पोटातूनच माहीत असतं. धनगरी कुत्र्याला सशामागे सोडलं तर तो थोडा भुंकेल आणि झाडाखाली सावली शोधेल.

कोण श्रेष्ठ, हे सरकारला विचारू नये. टपाल खात्याने 2005 साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली तेव्हा मुधोळही छापला आणि हिमालयातला मेंढपाळांचा कुत्राही. निवड टाळण्याची इतकी सुबक पद्धत दुसऱ्या खात्याला अजून जमलेली नाही.

तेव्हा निर्णय असा. माळरान कुंपणाचं असेल तर कारवान. कळप असेल आणि रात्री शेजार नसेल तर धनगरी. दोन्ही रकाने निरंक असतील तर गल्लीतल्या कुत्रीने जिन्याखाली घातलेल्या पिल्लांपैकी एक वर आणावं. त्याला लिफ्ट, दूधवाला आणि नाना आधीपासून ठाऊक आहेत. रेबीजची लस मात्र तिघांनाही टोचावीच लागते.