पाच किलोमीटरचा अपमान

अहो, ऐकलंत का? जरा अशा भिंतीशी या. मोठ्याने नको बोलायला, तिसऱ्या मजल्यावरची खिडकी सताड उघडी आहे. वहिनींचा धाकटा हो, कंपनीने नागोयाला ट्रेनिंगला पाठवलाय तो... उद्या तिथे धावणार आहे! एकिदेनमध्ये! ती नाही का हाकोनेची, 2 आणि 3 जानेवारीला अख्खा जपान टीव्हीपुढून हलत नाही, तशीच रिले. ही आपली छोटी, कंपन्यांच्या टीमची. एकजण आयत्या वेळी आजारी पडला आणि साहेबांना आठवलं, अरे, हा तर ठाण्याची वर्षा मॅरेथॉन धावलेला. झालं, घातलं नाव.

मी? मी विरजण मागायला गेले होते. आता साडेचारलाच व्हिडिओ कॉल आला, त्यांचे तिकडे रात्रीचे आठ, तर मी काय उठून यायचं? डोंबिवलीची नणंदही होती सोफ्यावर. तिचं तुम्हाला माहीतच आहे. तिच्या मुलाचा पासपोर्ट अजून... जाऊ दे. वहिनी म्हणाल्यासुद्धा, "पासपोर्ट ऑफिस आमच्या वागळे इस्टेटीतच, चालत गेलो नि आलो." नणंदेने चहाचा कप जरा जोरातच ठेवला हो.

तर काय सांगत होते... हां, वहिनींनी विचारलं, "किती धावायचंय रे?" तो म्हणाला, "पाच किलोमीटर." वहिनींचा चेहरा असा उतरला! "एकवीस धावणाऱ्याला पाच? हा तर अपमान झाला!" त्यांनी किसननगरच्या नाक्यावर लावायच्या बॅनरचा मजकूरसुद्धा ठरवला होता, फोटोसकट. नणंद हळूच म्हणते, "पाच तर आमचे हे रोज दूध आणायला चालतात." खोटं हो, दूधवाला दारात येतो त्यांच्या.

मग त्याने तासुकी दाखवली. म्हणजे तो पट्टा. रिले म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दांडू येतो, यांच्याकडे कापडाचा पट्टा. जानव्यासारखा खांद्यावरून कमरेपर्यंत आडवा घालायचा, टोक चड्डीत खोचायचं, म्हणजे लोंबत नाही. पुढचा गडी दिसायला लागला की पळता पळताच काढायचा, दोन्ही हातांत ताणून धरायचा आणि त्याच्या हातात द्यायचा. दुपारभर टीमने त्याच्याकडून तेवढंच घोटून घेतलं म्हणे. मोबाईल टेबलावर टेकवून त्याने खोलीतल्या खोलीत पळून दाखवलं, तर पलंगाला आपटला गुडघा. वहिनींचं लक्ष गुडघ्याकडे नाहीच. "म्हणजे दुसऱ्याच्या घामाने भिजलेला पट्टा तू अंगावर घालणार? मध्ये धुऊन नाही देत?" मला हसू आवरेना, मी विरजणाच्या वाटीत तोंड घातलं.

आणि खाण्याचं तर विचारूच नका. वहिनींनी मेतकूट दिलेलं, थेपले दिलेले. पण उद्या पळायचं म्हणून साहेब सगळ्यांना उडोन खायला घेऊन गेले. गव्हाच्या जाड शेवया, गरम पाण्यात. "शाकाहारीच आहे ना रे?" तर हा बेटा म्हणतो, "आई, वर फक्त पातीचा कांदा होता. पाणी तेवढं सुक्या माशाचं असतं. पण चव मस्त होती." अहो, शांतता! पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. वहिनी देवघराकडे बघतायत, नणंद वहिनींकडे बघतेय, आणि मी दोघींकडे.

तेवढ्यात तळमजल्यावरचे पीटीचे सर आले. त्यांना वास लागतोच. बसले ते सुरू. म्हणे ती हाकोनेची रिले कानाकुरी नावाच्या जपानी धावपटूने सुरू केली. तो 1912 ला स्टॉकहोमला मॅरेथॉन धावत होता, उन्हाने जीव कासावीस झाला, तर शिरला एका घराच्या बागेत, सरबत प्यायला आणि कुणाला न सांगता सरळ मायदेशी! नोंदीत आपला बेपत्ता. 1967 ला परत बोलावून उरलेली शर्यत पुरी करायला लावली, वेळ लागला 54 वर्षं 8 महिने आणि वर काही दिवस. मधल्या वेळात लग्न, सहा मुलं, दहा नातवंडं! बाई बाई, मला तर त्याच्या बायकोचं वाटलं. लग्नाआधी तिला सांगितलं असेल का हो हे?

तर त्याच माणसाने लांब पळणारी पोरं तयार व्हावीत म्हणून 1920 च्या फेब्रुवारीत हाकोनेची रिले उभी केली. आणि त्याच साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला तो 16वा आला, आणि आपला बेळगावचा फडेप्पा चौगुले 19वा! एकाच रस्त्यावर धावले दोघं. सर म्हणाले, "चौगुल्यांचा बॅनर लावला का कुणी?" वहिनींनी पदर सारखा केला.

पण खरी गोष्ट पुढेच. हाकोनेला म्हणे एखादी टीम फार मागे पडली तर पुढच्याला थांबू देत नाहीत. मागचा पट्टा घेऊन येतोय, शंभर पावलांवर दिसतोय, तरी याला दुसराच पट्टा घालून सोडतात. मग मागचा तिथेच बसून ओक्साबोक्शी रडतो. हे ऐकलं आणि पोरगा एकदम गप्प झाला. म्हणाला, "आई, वर्षा मॅरेथॉनला मी मागे राहिलो तर माझा मी राहिलो. इथे चारजण माझ्यामुळे..." पुढे बोललाच नाही. बॅनरवाल्या वहिनी कशा नरमल्या! म्हणाल्या, "नंबर नको रे बाबा, पट्टा तेवढा नीट दे." आणि नणंद, ऐका हं, नणंद म्हणाली, "रायलादेवीच्या तलावाला पहाटे पहाटे चकरा मारायचास ना, तसाच पळ." मी तर बघतच राहिले. हिला हे माहीत होतं!

उद्या त्यांचे नऊ म्हणजे आपले पहाटे साडेपाच. साहेबांची बायको व्हिडिओ कॉल लावून देणार आहे. अख्खा मजला जमणार, नणंदही मुक्काम ठोकून आहे. तुम्हीही या, मी बोलावलं म्हणू नका. आणि हो, येताना दूध घेऊन या. सरांना दोनदा चहा लागतो, आणि वहिनींचा विश्वास आहे की...

अगंबाई, खिडकीत आल्या वाटतं. काय म्हणताय, मेथी कशी दिली आज?