जपान होल्डवर

क्वालिटीतून निवृत्त झालेला माणूस लांबून ओळखता येतो. लग्नाच्या पंगतीत तो जिलेबी तोंडात घालण्याआधी उजेडाला धरतो. रिक्षात बसण्याआधी टायर बघतो. घरात कोणी ‘झालं’ म्हणालं की हा विचारतो, ‘चेक कोणी केलं?’ भोसरी ते चाकण या पट्ट्यात अशी माणसं आता गल्लोगल्ली सापडतात. कंपन्या आल्या तेव्हा कामाला लागलेली पिढी एकगठ्ठा घरी बसली आहे. पगार थांबलाय, तपासणी चालू आहे.

कुरुळीचे आप्पा हे या जमातीचं मास्टर सॅम्पल. बाकीचे यांच्याशी ताडून पास किंवा नापास करावेत.

मोशी ओलांडली, इंद्रायणीचा पूल आणि चिंबळी फाटा मागं टाकला की नाशिक रस्त्याला कुरुळी लागते. तिथं आप्पांचं घर. खाली ते आणि काकू, वर भाड्याच्या खोल्या. खोल्यांत लातूर, बीड, जळगावकडची पोरं आणि एका खोलीत मी. दर महिन्याला भाडं घ्यायला आप्पा वर येतात तेव्हा खोलीचं ऑडिटही उरकून घेतात. नळ गळत असला तर ते प्लंबर बोलवत नाहीत. आधी ‘का’ विचारतात, आणि कंपनीच्या शिस्तीप्रमाणे पाचदा विचारतात. नळ का गळतो? वायसर झिजला. का झिजला? नळ जोरात पिळला. का पिळला? पाचव्या ‘का’पर्यंत दोष हमखास भाडेकरूच्या आईवडिलांनी लावलेल्या वळणापाशी पोचतो. प्लंबरला सांगायचं तेवढं राहून जातं.

जपानचं खूळ नोकरीतलंच. त्यांच्या शॉपमध्ये एकदा एक जपानी साहेब ऑडिटला आला होता. मशिनखाली पडलेला एक वॉशर त्यानं वाकून उचलला, खिशातल्या रुमालानं पुसला आणि काही न बोलता आप्पांच्या तळहातावर ठेवला. दुसरा कोणी असता तर त्याला तो अपमान वाटला असता. आप्पांना ती दीक्षा वाटली. तो वॉशर दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये आहे, ज्ञानेश्वर माउलींच्या मूर्तीशेजारी. खाली पट्टी: ‘सॅम्पल. हात लावू नये.’

तर जपानला जायचं, हे ठरून बरीच वर्षं झाली. फिरायचं कसं एवढंच राहिलंय. रेल्वेनं की क्रूझनं.

ओसरीच्या भिंतीवर त्यासाठी पांढरा फळा ठोकला आहे. डावीकडे रेल्वे, उजवीकडे क्रूझ, मधे खाली खाली जाणारे मुद्दे. प्रत्येक धोक्याला तीन आकडे: घडलं तर किती वाईट, घडण्याची शक्यता किती, आणि आधी कळणं किती अवघड. दहापैकी मार्क देऊन तिन्हींचा गुणाकार करायचा. कंपनीत ब्रेकच्या पार्टला हेच करतात. ‘बोट लागणे’ या मुद्द्याचा गुणाकार एकदा इतका आला की आप्पांनी क्रूझ त्याच संध्याकाळी रद्द केली. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, ‘मला नाही बोट लागत.’ आप्पांनी विचारलं, ‘तू बोटीत कधी बसलीस?’ काकू म्हणाल्या, ‘तुम्ही तरी कधी बसलात?’ क्रूझ फळ्यावर परत आली.

रेल्वेच्या बाजूनं आप्पांचं मन आधीपासून झुकलेलं. शिंकान्सेन 1 ऑक्टोबर 1964 ला टोकियो ते ओसाका धावू लागली, आणि तेव्हापासून ती रुळावरून घसरून किंवा कशावर आदळून एकही प्रवासी दगावलेला नाही, हे ते दत्ताचा महिमा सांगावा अशा आवाजात सांगतात. 2017 साली टोकियोजवळच्या त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीनं जाहीर माफी मागितली. ही गोष्ट आप्पांनी आम्हाला पहिल्यांदा सांगितली ती चाकणच्या तळेगाव चौकात, त्यांच्याच गाडीत बसून. कुरुळीहून चाकण पाचसहा किलोमीटर. आम्हाला निघून तास होत आला होता, आणि पुढच्या कंटेनरचा ड्रायव्हर खाली उतरून भेळ खात होता. ‘वीस सेकंद!’ आप्पा पुन्हा म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

टोकियो स्टेशनात आलेली शिंकान्सेन सफाईवाले सात मिनिटांत लख्ख करून देतात, हेही त्यांना पाठ. त्याचा व्हिडिओ बघून त्यांनी एकदा घड्याळ लावून काकूंना ओसरी झाडायला सांगितली होती. त्याचा निकाल फळ्यावर नाही, पण त्या दिवसापासून ओसरी आप्पा झाडतात.

क्रूझच्या बाजूनं एकच मुद्दा, पण वजनदार: बॅग एकदाच उघडायची. हॉटेलच आपल्याला घेऊन फिरतं. रात्री झोपायचं ओसाकात, उठायचं दुसऱ्या बंदरात. आप्पांनी मग खोलात जाऊन आणखी माहिती काढली आणि तिथं घोळ झाला. परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसतं जपानच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माणसं नेता येत नाहीत. तिथल्या कायद्यानं ते काम जपानी जहाजांचं. म्हणून ही जहाजं मधेच एखादं परदेशी बंदर गाठतात, बहुतेकदा कोरियातलं बुसान. ‘म्हणजे जपान बघायला निघालेल्या माणसाला हे कोरियात उतरवणार,’ आप्पा म्हणाले. ‘मग पुन्हा जपानात शिरायचं. व्हिसा दोनदा लागणार का? इथं फाट्यावर यू-टर्न घ्यायचा म्हटलं तरी पोटात गोळा येतो!’ शिवाय क्योतो समुद्रावर नाही, आणि जहाज संध्याकाळी भोंगा वाजवून निघणार. दिवसभरात जेवढं उरकेल तेवढं बघा.

यात 2020 च्या फेब्रुवारीत डायमंड प्रिन्सेस योकोहामाच्या बंदरात अडकली. 3,700 हून जास्त माणसं आत, त्यांतल्या 712 जणांना कोरोना. कर्मचाऱ्यांत सव्वाशेच्या वर भारतीय. आप्पांनी ‘घडलं तर किती वाईट’ याच्यापुढे दहा लिहिले आणि क्रूझच्या अख्ख्या रकान्याला पिवळं लेबल लावलं. पिवळं म्हणजे होल्ड. कंपनीत माल पास असेल तर हिरवं, फेकायचा असेल तर लाल, आणि कोणालाच निर्णय घ्यायचा नसेल तर पिवळं.

खरं तर तेव्हाच रेल्वेवर शिक्का बसायचा. पण आप्पांना सामानाची आठवण झाली. त्याच सालच्या मे महिन्यापासून टोकियो-ओसाका मार्गाच्या शिंकान्सेनमध्ये नियम आला: लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर गेलेल्या बॅगेला ठराविक सीट आधी राखून ठेवावी लागते. आप्पांनी काकूंची मरून बॅग माळ्यावरून काढली. धाकट्या मुलीच्या लग्नाच्या बस्त्याला घेतलेली, अंगात अजून डांबरगोळ्यांचा वास. तिला टेबलावर आडवी करून त्यांनी स्टीलचा टेप लावला. वर ढकलून दिलेलं हँडल धरलं तर एक माप, न धरलं तर दुसरं. चाकं धरायची, यावर त्यांनी स्वतःशीच वाद घातला आणि धरली. बेरीज 163.

‘तीन सेंटिमीटर जास्त,’ आप्पा म्हणाले.

‘मेतकुटाचा डबा नाही नेत मग,’ काकू म्हणाल्या.

‘अगं, डबा आत असतो. मी बाहेरचं माप घेतोय.’

‘डबा काढला तर बॅग फुगत नाही ना पण.’

आप्पांनी डबा ठेवून आणि डबा काढून, अशी दोन्ही मापं घेतली. 163 आणि 163. मग तक्त्याची नवी रिव्हिजन निघाली. नवी बॅग घ्यावी की जुन्या बॅगेसाठी सीट राखावी, हा उपतक्ता. तो पुरा होईपर्यंत विदेशी पर्यटकांसाठी जपान बंदच होता, हे त्यांच्या पथ्यावर पडलं. घाई कसली, असं ते म्हणायचे. ते ‘घाई कसली’ 2023 च्या ऑक्टोबरात नडलं. विदेशी पर्यटकांचा सात दिवसांचा रेल्वे पास 29,650 येनवरून एकदम 50,000 येनवर गेला. आप्पा त्या आठवड्यात कोणाशी बोलले नाहीत. मग रेल्वेलाही पिवळं लेबल लागलं, आणि फळ्याच्या दोन्ही बाजू सारख्या दिसू लागल्या.

मला वाटतं, आप्पांना त्या दिवशी मनातून बरं वाटलं असावं. निर्णय झाला की तपासणी संपते.

तरी ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. मोठी ऑर्डर सोडण्याआधी पायलट लॉट काढतात, तसा त्यांनी प्रवासाचा काढला. रेल्वेची चाचणी पुणे-लोणावळा लोकलनं. ती उशिरा सुटली, तेव्हा प्लॅटफॉर्मवरच्या अधिकाऱ्याला गाठून आप्पांनी माफी केव्हा मागणार असं विचारलं. समुद्राची चाचणी गेटवे ते मांडवा. थंडीचे दिवस होते, सीगल पक्षी लाँचच्या बरोबरीनं उडत होते, आणि काकू कठड्याला टेकून त्यांना वेफर्स देत होत्या. आप्पा? आप्पा आत लाइफ जॅकेटं मोजत होते. मोजून झाल्यावर माणसं मोजायला लागले. माणसं जागा बदलत होती, त्यामुळे आकडा जुळेना. मांडवा आलं तेव्हा काकूंच्या हातात रिकामं पाकीट होतं आणि आप्पांच्या हातात कागद. ‘बोट लागते का’ हा रकाना मात्र कोराच. पाहायला सवड झाली नाही म्हणाले.

गावात त्यांचा शब्द चालतो, हे मुद्दाम सांगायला हवं. वरच्या खोलीतल्या बीडच्या पोराला कंपनीनं ट्रेनिंगला नागोयाला पाठवलं तेव्हा आप्पांनी त्याला स्टेशनचा नकाशा काढून दिला. पोरगा परत आला. हॉस्टेल ते प्लँट, प्लँट ते हॉस्टेल, कंपनीच्या बसनं. ‘नागोया कसं आहे?’ असं कोणी विचारलं की तो अजूनही म्हणतो, ‘आप्पांना विचारा.’ आणि आप्पा सांगतात. चाकणवरून जाणार होती त्या नाशिकच्या वेगवान रेल्वेचंही तेच सांगायचे, खोडदच्या महादुर्बिणीपायी मार्ग अडेपर्यंत. आता त्यावर विचारलं तर फळ्यावरच्या पिवळ्या लेबलांकडे बोट दाखवतात.

काकूंच्या भजनी मंडळानं श्रीलंकेची सहल काढली ती याच सुमारास. रामायण यात्रा, सीता एलियाचं सीतामाईचं देऊळ वगैरे. काकूंचा पासपोर्ट होता. जपानसाठी काढलेला, एकही शिक्का नसलेला, आणि मुदत संपत आलेली. ‘तुमच्या कंपनीत काय म्हणतात? आधी आलेला माल आधी वापरायचा ना?’ त्यांनी विचारलं. यावर आप्पांना बोलता येईना.

मात्र श्रीलंकाही बेटच. फळा पुसून नवा तक्ता सुरू झाला. चेन्नईहून हंबनटोटा, त्रिंकोमाली, कांकेसंथुराईला क्रूझ गेलेली आहे, 2023 च्या जूनपासून. रेल्वे आतल्या डोंगरातून बदुल्लापर्यंत. आणि पूर्वीची बोट मेल! मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत आगगाडी, तिथून तलाईमन्नारला आगबोट, पुढे पुन्हा आगगाडी. 1964 च्या डिसेंबरातल्या वादळानं धनुष्कोडीच वाहून नेली, नाहीतर रेल्वे की बोट हा पेच उरलाच नसता, असं आप्पा हळहळले. मी त्यांना एवढं हळहळताना दुसऱ्या कुठल्या वादळावर पाहिलेलं नाही.

‘क्रूझनं नुसतं भोवतीनं फिरायचं?’ काकू म्हणाल्या. ‘म्हणजे देवळाला प्रदक्षिणा घालायची आणि गाभाऱ्यात जायचंच नाही.’

‘प्रदक्षिणेलाही पुण्य आहे.’

‘आहे की. पण आम्ही पुण्याहून विमानानं चाललोय. दुसरीकडून बदलून. पुढं बस.’

‘बस?’ आप्पा खुर्चीतून उठले. ‘बस हा पर्यायच फळ्यावर नाही!’

बसला धोक्याचे आकडे द्यायला त्यांनी चार दिवस मागितले. मंडळाची बुकिंगची तारीख परवाची होती. काकू गेल्या. आप्पा राहिले, कारण न तपासलेल्या वाहनात बसायचं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आठवडाभर त्यांनी स्वतः पिठलं केलं आणि मीठ गुंजेच्या मापानं घातलं. रात्री फोनवर ते काकूंना पहिलं वाक्य विचारायचे, ‘बसचे टायर कसे आहेत?’

परत आल्यावर मारुतीच्या देवळात मंडळाच्या बायका जमल्या. सहलीचं वर्णन सांगायचं होतं, गावच्या बायाबापड्या ऐकायला बसलेल्या. सगळ्या एकदम बोलू लागल्या आणि सगळ्या अडल्या.

‘त्या स्टेशनावरून गाडीत बसलो बघा, कसलं ते…’

‘नानु ओया,’ खांबाला टेकून आप्पा म्हणाले.

‘हां, नानु. मग लई उंच एक स्टेशन. थंडी!’

‘पट्टीपोला. 1,891 मीटर. तिथलं सगळ्यात उंच.’

‘आणि तो कमानींचा पूल, दोन डोंगरांच्या मधे…’

‘एल्ला आणि देमोदराच्या मधे. नऊ कमानी. 1921 चा. लोखंड नाही वापरलं त्यात. आणि रूळ आपल्याच मापाचे आहेत, पाच फूट सहा इंच.’

हळूहळू बायका गप्प झाल्या आणि आप्पा सांगू लागले. चहाचे मळे, बोगदे, गाडी वळणावर गेली की मागच्या डब्यातून पुढचं इंजिन दिसतं ते. काकूसुद्धा पदर सावरून ऐकत होत्या. ज्या गाडीच्या दारात त्या स्वतः उभ्या होत्या, तिचंच वर्णन. अर्ध्या तासानं एका म्हातारीनं हात जोडून विचारलं, ‘आप्पा, तुम्ही लंकेला कवा जाऊन आलात ओ?’

आप्पांनी चष्मा काढून पुसला. ‘अजून नाही गेलो, आज्जी. ठरायचंय.’

‘काय ठरायचंय?’

काकूंनी आप्पांच्या आधी उत्तर दिलं. ‘त्यांचं आता न्यूझीलंड चाललंय. तिथं बेटं दोन आहेत म्हणे. रेल्वेपण आणि मधल्या समुद्रात बोटपण.’

‘मग किती दिवस लागतील हो?’

‘एका बेटाला किती वर्षं लागली ते बघा,’ काकू म्हणाल्या, ‘आणि दुप्पट करा.’