चार रंगांचं वेळापत्रक

खापरखेड्याच्या पोट्ट्याला नागपुरात बी.कॉम.ला प्रवेश मिळाला की पुस्तकांआधी स्केचपेनं येतात. पहाटे ४ ला वाचन हिरव्यात, ५ ला योगा लाल रंगात. खिडकीशेजारी चिकटवलेल्या या कागदावर वीज केंद्राची राख बसते, मग हिरवा कोणता नि लाल कोणता, कळत नाही. १३४० मेगावॉटच्या या केंद्रात बाप रात्रपाळी करून सकाळी घरी येतो, तेव्हा चिरंजीवही जागेच असतात, रील्स पाहत! नव्या शैक्षणिक धोरणात एक क्रेडिट म्हणजे १५ तासांची शिकवणी. त्यातले निम्मे तर्रीपोह्यांच्या ठेल्यावर जातात. नागपूर विद्यापीठाला नाव तुकडोजी महाराजांचं, पहाटेच्या ध्यानाचा आग्रह धरणाऱ्या संताचं. बाबू, वेळापत्रक राहू दे, सकाळची बस तेवढी पकड.