मॉर्फिनवर बंदी घाला!

माननीय आरोग्यमंत्र्यांना वऱ्हाडकरांची नम्र विनंती : मॉर्फिनवर ताबडतोब बंदी घाला.

मागणी चक्रम वाटेल, पण अनुभवातून आलेली आहे. 2012 साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. आज अकोल्यापासून अचलपूरपर्यंत कुठल्याही पानटपरीवर उभे राहा, नुसती भुवई उडवली तरी पुडी हातात पडते. पन्नीत खर्रा घोटणे तर उघड्यावरच चालते. त्याच 2012 साली केंद्राने, बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून परिहार सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. त्याचा पत्ता मात्र टपरीवाल्यालाही ठाऊक नाही, म्हणजे बघा!

खर्रा घोटून घोटून कॅन्सरने जबडा गेला की माणूस परळला टाटा रुग्णालयात जातो. जाताना आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा आसरा देते. ‘आता घरी न्या’ असे ऐकून परतणाऱ्याला आसरा कोणाचा? दर्यापूरकडचा असाच एक पोरगा बापाच्या वेदनांसाठी मॉर्फिनची चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेला. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच परत केली. ‘काहून भाऊ, मले जेलात पाठवतं काय?’ वर पॅरासिटामॉलची एक पट्टी दिली. रोख.

त्याची भीती हवेतली नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने भल्याभल्या डॉक्टरांना मॉर्फिनपासून लांब पळवले. 2014 साली संसदेने तो सैल केला. रुग्णालयांना परवान्यांच्या चळतीऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरेशी झाली. कायदा सैल झाला, धाक तस्साच. आणि ज्या अफूपासून मॉर्फिन बनते, ती पिकते कुठे? मेळघाट ओलांडला की लागणाऱ्या मध्य प्रदेशात, सरकारच्याच परवान्याने. नीमचला सरकारचा कारखानाही आहे. पीक आपले, कारखाना आपला, दुखणेही आपलेच. अडते ते फक्त मधल्या टेबलांवर.

म्हणून म्हणतो, बंदी घाला. मग टेबलेच नकोत. रात्री टेम्पो येतील, हप्ते ठरतील, माल धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर बिनबोभाट पोहोचेल. उधारीही चालेल. अर्धे शटर वर करून टपरीवाला विचारेल, ‘दहा एमजी का तीस?’ अन् पोरगा वळला की मागून हाक मारेल, ‘थांब ना भाऊ, हे जुलाबाची गोळी बी घेऊन जा. मॉर्फिननं पोट बांधते बुढ्याचं.’